मोसंबीचा रस गोठवून घट्ट केला, कडू का झाला?

प्रश्न (पाचोरा): 2 किलो रस, 10 ब्रिक्स (म्हणजे 100 ग्रॅम रसात साधारण 10 ग्रॅम साखर). उकळला की शिजका वास येतो, म्हणून डबा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी पार दगड, वितळल्यावर कडवट. काय चुकलं?

उत्तर (रावेर): भाऊ, रात्रभर ठेवायचाच नाही. पसरट स्टीलच्या डब्यात दोन बोटं रस घ्या, उणे 18 ला ठेवा. कडेला बर्फ धरला की दर अर्ध्या तासाने उलथन्याने खरवडा. निम्मा बर्फ झाला की गार केलेल्या चाळणीत निथळा, दाबू नका. बर्फ पिवळट असेल तर त्यात रस अडकलाय. पांढरा, फिका लागेपर्यंत निथळू द्या. साधारण किलोभर रस मिळतो, 17-18 ब्रिक्सचा.

उत्तर (यावल): कडूपणा गोठवण्याने आलेला नाही. बिया आणि पांढरी साल चिरडली की रसात लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होतं, तेही काही तासांनी. घट्ट रसात ते दुप्पट जाणवतं. हलकं पिळा, लगेच मलमलीतून गाळा, लगेच गोठवा.

उत्तर (रावेर): बरोबर. घट्ट झालेला रस पुन्हा गोठवून निथळायची दुसरी फेरी मात्र घरी करू नका, घट्ट रस बर्फाला चिकटतो, निथळतच नाही. आणि थंडीने यीस्ट मरत नाही. खान्देशच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली बाटली फसफसणारच. फ्रीजरमध्येच ठेवा.