बोकडाच्या गाठी बसवणारा ब्रिंकली इतकी वर्षं टिकला कसा?

शिरीष_कराड:
अमेरिकेतल्या जॉन ब्रिंकलीबद्दल कुणी वाचलंय का? कॅन्सस राज्यात मिलफर्ड म्हणून लहानसं गाव आहे. १९१७ साली हा तिथे आला आणि थोड्याच दिवसांत पुरुषांच्या अंगात बोकडाचे वृषण बसवायला लागला. गेलेला जोम परत येतो म्हणे. फी ७५० डॉलर. १९२० च्या दशकात फोर्डची साधी मोटार तीनशे डॉलरच्या आसपास मिळायची, म्हणजे रक्कम किती मोठी होती बघा. १९३० मध्ये राज्याने त्याचा परवाना काढून घेतला, तरी धंदा आणखी आठ-नऊ वर्षं जोरात चालला. माझा प्रश्न एवढाच आहे की गुण येत नाही हे पहिल्या पाच-पन्नास पेशंटना चार-सहा महिन्यांत कळलंच असणार. मग बोभाटा का झाला नाही? लोक मूर्ख होते, हे उत्तर मला पटत नाही.

नंदा_पशुवैद्य:
आधी शास्त्रापुरतं सांगते. तो रक्तवाहिन्या जोडत नव्हता. माणसाच्या अंडकोषाच्या पिशवीला चीर द्यायची, आत बोकडाचा तुकडा ठेवायचा, टाके घालायचे, झालं. परक्या प्राण्याचं मांस शरीर ठेवून घेत नाही. नशीब चांगलं असेल तर तुकडा हळूहळू विरघळून जायचा, नसेल तर पू व्हायचा आणि माणूस मरायचाही.
एक गंमत. तो टोगेनबर्ग जातीचे बोकड वापरायचा, ही मूळची स्वित्झर्लंडची दुधाळ जात. दुसऱ्या जातींच्या मानाने वास कमी येतो म्हणून निवडली, असं सांगतात. हंगामातल्या उस्मानाबादी बोकडाशेजारी पाच मिनिटं उभं राहून बघा, गिऱ्हाइकाला ही काळजी का वाटत असेल ते कळेल.

माजी_एमआर:
शिरीष, मी उभा जन्म औषध कंपनीची बॅग घेऊन सोलापूर, बार्शी, पंढरपूर फिरलो. आता निवृत्त आहे. मला ब्रिंकलीच्या गोष्टीत बोकड दिसतच नाही, त्याची विक्री दिसते.
बोभाटा करायचा म्हणजे त्या शेतकऱ्याने नेमकं काय करायचं होतं, याचा विचार कर. कोर्टात उभं राहून न्यायाधीशांसमोर, गावासमोर, बायकोच्या भावासमोर सांगायचं की मला जमत नव्हतं, म्हणून बोकडाचं बसवून घेतलं, ७५० डॉलर दिले आणि अजूनही जमत नाही. कॅन्ससचा सोड, बार्शीचा तरी सांगेल का? मुंबईच्या लोकलमधून रुळांकडेच्या भिंती बघ. ‘गुप्तरोग’, ‘निराश होऊ नका’, खाली फोन नंबर. त्यांच्यावर किती तक्रारी होत असतील? ब्रिंकलीचं खरं भांडवल म्हणजे गिऱ्हाइकाची लाज. माल वाईट निघाला तरी परत आणायला कुणी येत नाही. अशी ‘लाइन’ मला मिळाली असती तर टार्गेटची चिंताच नव्हती!
हे त्याला मिलफर्डमध्ये सुचलेलं नाही. जन्म १८८५, नॉर्थ कॅरोलिनातला, सुरुवातीची नोकरी तारयंत्रावरची. १९१३ साली साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल गावी एका भागीदाराबरोबर दुकान थाटलं. ‘विजेचं औषध’ म्हणून रंगीत पाण्याची इंजेक्शनं द्यायचे, एकाला २५ डॉलर. गिऱ्हाईक कोण? पुरुषी दुर्बलतेने खचलेले. गावभर उधाऱ्या करून दोघे पसार झाले. मेडिकलचं शिक्षण शिकागोत अर्धवट सोडलेलं. पदवी मिळवली कॅन्सस सिटीच्या एका कॉलेजकडून, जिथे अभ्यासापेक्षा पैशाला मान होता.
आता माझ्या धंद्याचा भाग. १९२३ मध्ये त्याने स्वतःचं रेडिओ स्टेशन काढलं, केएफकेबी. गाणी, प्रवचनं, बाजारभाव आणि मधेमधे डॉक्टरसाहेब. लोक पत्राने दुखणी कळवायचे. हा ती पत्रं माइकवर वाचायचा, नाव न घेता, आणि अमुक नंबरचं औषध घ्या म्हणायचा. फक्त नंबर! औषध कुठलं ते त्याला आणि त्याच्या संघटनेतल्या केमिस्टांना माहीत. पेशंटने दुकानात जाऊन नंबर सांगायचा, मागे उभ्या असलेल्या मास्तरांना काही पत्ता नाही. केमिस्ट चढ्या भावाने विकणार आणि प्रत्येक विक्रीमागे एक डॉलर ब्रिंकलीला धाडणार. पेशंट तपासायचा नाही, नाडी बघायची नाही, फीसुद्धा मागायची नाही. बायका, मुलं, पोटदुखी, सगळं यात आलं. आमच्या काळातल्या स्कीमा, ‘दहावर दोन फ्री’ वगैरे, यापुढे पोरखेळ.
तक्रारी अगदीच झाल्या नाहीत असं नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेचे डॉ. मॉरिस फिशबाइन त्याच्या मागे हात धुऊन लागले होते. १९३० ला कॅन्ससच्या वैद्यकीय मंडळापुढे सुनावणी झाली तेव्हा त्याने सही केलेले ४२ मृत्यूचे दाखले पुढे आले. पण त्याच सुनावणीत त्याच्या बाजूनेही पेशंट येऊन बोलले, ‘आम्हाला गुण आला’ म्हणून. मला ते खोटं बोलत होते असं वाटत नाही. एवढे पैसे मोजल्यावर गुण येतोच थोडाफार.

सुलभा_न:
एमआर काका, लाजेचं पटलं. पण मग निवडणुकीचं काय? परवाना गेल्यावर तो राज्याच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि लाखांवर मतं पडली. तिथे कुणी लाजलं नाही?

माजी_एमआर:
सुलभाताई, मत गुप्तच असतं की! हा माणूस दोन्हीकडे पडद्याआडच्या गिऱ्हाइकावर जगला.
तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. मंडळाने सप्टेंबरात परवाना काढून घेतला, तोवर मतपत्रिकेवर नाव छापून घ्यायची मुदत गेलेली. मतदाराने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. तरी त्याला १,८३,२७८ मतं मिळाली. जिंकलेला उमेदवार दुसऱ्या क्रमांकापेक्षा फक्त २५१ मतांनी पुढे होता. आणि नाव ‘जे. आर. ब्रिंकली’ असं नेमकं लिहिलं नाही म्हणून हजारो मतं बाद झाली. ती धरली असती तर तोच गव्हर्नर झाला असता, असं मानणारे आजही आहेत. मंदीचे दिवस, शेतकऱ्याच्या गव्हाला भाव नाही, आणि रोज कानाशी बोलणारा एकच माणूस. त्यातले बहुतेक त्याच्या ऑपरेशनच्या टेबलावर कधी झोपलेही नसतील, नुसते श्रोते.
आता सरकारने रेडिओचा परवानाही नाकारला. याने काय करावं? टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेवर देल रिओ गावी मुक्काम हलवला आणि नदीपल्याड व्हिया आकून्यात १९३१ ला नवं स्टेशन उभं केलं, एक्सईआर. कायदा मेक्सिकोचा, श्रोते अमेरिकेचे. स्वतः सीमेच्या अलीकडे बसून टेलिफोनच्या तारेवरून बोलायचा. ती पळवाट बुजवायला अमेरिकेला १९३४ च्या कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं.

शिरीष_कराड:
हे भारीच. पण मग १९३९ ला असं काय झालं की सगळं कोसळलं? लाज तर तेव्हाही तेवढीच असणार.

माजी_एमआर:
त्याने स्वतःच दावा ठोकला, दुसरं काय.
टेक्सासला गेल्यावर बोकड मागे पडले. आता प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा उपचार, आणि घरी जाताना ‘फॉर्म्युला १०२०’ नावाच्या सहा कुप्या, १०० डॉलर. आत निळा रंग टाकलेलं पाणी. ग्रीनव्हिलपासून पाव शतक लोटलं आणि माल तोच. तेवढ्यात देल रिओतच दुसऱ्या एका डॉक्टरने तोच उपचार स्वस्तात सुरू केला. बाजारात भाव पडला की एमआरला कसं होतं ते मला विचारा. १९३८ मध्ये हा वैतागून आर्कान्सासमधल्या लिटल रॉकला गेला.
त्याच साली फिशबाइननी लेख लिहून त्याला सरळ भोंदू म्हटलं. याने अडीच लाख डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा लावला, तोही देल रिओच्या कोर्टात, जिथे त्याचा बंगला, जिथले लोक त्याच्या पैशावर पोसलेले. पण अब्रुनुकसानीत उलटतपासणी वादीची होते! पेशंटला लाजायचं कारणच उरलं नाही, तोंड उघडायची पाळी डॉक्टरवर आली. मार्च १९३९ मध्ये ज्यूरीने निकाल दिला की भोंदू आणि ठग हे शब्द त्याला त्यांच्या नेहमीच्या अर्थाने लागू पडतात.
मग बांध फुटला. कोर्टाने एकदा ठग म्हटल्यावर ‘मी फसलो’ म्हणणं सोपं झालं, जुने पेशंट दावे घेऊन यायला लागले. इन्कम टॅक्सवाले आले. १९४१ ला दिवाळखोरी. टपालातून फसवणूक केल्याचा फौजदारी खटला चालायचा होता, पण तोवर एक पाय कापावा लागलेला, हृदय गेलेलं. २६ मे १९४२ रोजी सॅन अँटोनिओत वारला. तुरुंग बघितलाच नाही, हे मला खटकतं.

नंदा_पशुवैद्य:
आपल्याकडे १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, त्यात लैंगिक शक्ती वाढवण्याच्या जाहिरातींना स्पष्ट मनाई आहे. मग त्या रुळांकडेच्या भिंती कशा काय रंगतात?

माजी_एमआर:
ताई, तक्रार कोण करणार? भिंत वाचणारा म्हणतो मला काय त्याचं, आणि तिथे जाऊन आलेला तोंड उघडत नाही. तुम्ही करा, फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे द्या. फसलेल्यानेच तक्रार करावी असं कुठे आहे!
जाता जाता, सुलभाताईंना गाण्यांची आवड आहे म्हणून सांगतो. त्या सीमेवरच्या स्टेशनवर कार्टर फॅमिली हे लोकगीतं गाणारं कुटुंब गायचं आणि त्यांचा आवाज त्यामुळे अर्ध्या अमेरिकेत पोचला. ते रेकॉर्डिंग ऐका, फार गोड आहे. मधल्या जाहिराती सोडून द्या.