आईवडिलांना लिनक्स द्यायचं की नाही? व्हिडिओ कोडेकवरून वाद

गिरगावकर: "आईवडिलांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकू नका, त्यावर साधा व्हिडिओ चालत नाही," असं भांडुपकरांनी काल ठोकून दिलं. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, आणि कोडेक म्हणजे व्हिडिओ-आवाज दाबून लहान करायची आणि बघताना उलगडायची पद्धत. यूट्यूब लिनक्सवर टाकल्या दिवसापासून चालतं, कारण ते व्हीपी९ आणि एव्ही१ हे कोडेक पाठवतं आणि दोन्ही रॉयल्टीमुक्त आहेत, म्हणजे परवान्याचे पैसे लागत नाहीत. घोडं अडतं ते एच.२६४ (व्हिडिओचं कोडेक) आणि एएसी (आवाजाचं) वाल्या साइटवर. एच.२६४ वर पेटंटं आहेत. फुकट वाटणाऱ्यांनी परवान्याचे पैसे कुठून आणायचे? म्हणून फेडोरा ही लिनक्सची आवृत्ती ते सोबत देत नाही. फायरफॉक्स लिनक्सवर सिस्टिममधलं एफएफएमपेग हे व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर शोधतो, ते नसलं की हात वर करतो. फेडोरावर आरपीएम फ्यूजन हे बाहेरचं सॉफ्टवेअर-भांडार जोडून पूर्ण एफएफएमपेग घाला, उबुंटू या दुसऱ्या आवृत्तीवर रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज हा कोडेकचा संच. दोन कमांडचं काम, त्यासाठी लिनक्सला बदनाम कशाला करता?

भांडुपकर: दोन कमांड तुमच्यासाठी हो! माझे वडील नातीच्या शाळेच्या साइटवरचं स्नेहसंमेलन बघायला बसले. काळी चौकट आली आणि मध्ये इंग्रजीत बारीक एक ओळ, 'नो व्हिडिओ विथ सपोर्टेड फॉरमॅट'. त्यांना वाटलं नेट गेलं. राउटर बंद-चालू करत बसले, शेवटी केबलवाल्याला फोन लावला. तोही बिचारा येऊन वायर बदलून गेला. त्यांना मी पेटंट समजावू? आणि आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट देत नाही. मग भांडुपमधल्या म्हाताऱ्याने अमेरिकेतल्या वकिलांच्या भीतीपायी काळी चौकट का बघायची?

गिरगावकर: कारण आयएसओ, म्हणजे लिनक्स बसवायची फाइल, सगळ्या जगासाठी एकच निघते आणि फेडोरामागची रेड हॅट कंपनी अमेरिकेतच आहे. दावा तिच्यावर ठोकला जाईल, तुमच्यावर नाही.

माहीमकर: कोडेकचं राहू द्या, ओटीटीचं बोला. महिन्याचे पैसे सगळ्यांइतकेच भरतो आणि लिनक्स दिसला की चित्र ७२०पी वर, म्हणजे फुल एचडीच्या खाली, आणून ठेवतात. टीव्हीला जोडलं की माणसांचे चेहरे पुसट. ग्राहक सेवेला विचारलं तर म्हणे ब्राउझर अपडेट करा!

गिरगावकर: ते डीआरएम आहे, म्हणजे व्हिडिओची नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप, कोडेकशी संबंध नाही. लिनक्सच्या ब्राउझरमध्ये वाइडवाइन हे डीआरएम फक्त एल३ या सगळ्यात खालच्या सुरक्षा-पातळीचं मिळतं, म्हणून बरेच ओटीटी वरचं रेझोल्यूशन देत नाहीत. वेगळा धागा काढा.

माहीमकर: का काढू? बघणाऱ्याला पडद्यावर काय दिसतं तेच खरं. तुम्ही प्रत्येक तक्रारीला वेगळं नाव देऊन हात झटकता. पैसे घेताना कोणी 'तुमचं एल३ आहे, थोडे कमी द्या' म्हणतं का?

भांडुपकर: अगदी बरोबर बोललात.

गिरगावकर: तुमचा राग रास्त आहे, पण तो कंपनीवर काढा. वाइडवाइन गूगलचं आहे, कुलूप त्यांनी घातलंय. लिनक्सवाल्यांनी ते फोडायचं का?

लालबागवाला: गिरगावकर, रॉयल्टीमुक्तचं कौतुक पुरे. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५ चा जुना लॅपटॉप घेतला. यूट्यूब लावलं की पंखा घोंगावतो, मांडीला चटका बसतो. चिप स्वतः कोणती कोडेक उलगडते ते दाखवणारी व्हीएइन्फो कमांड चालवा, यादीत एच.२६४ च्या ओळी आहेत, व्हीपी९ ची एकही नाही. म्हणजे तुमचं ते मुक्त कोडेक सगळं सीपीयूवर येतं. एच२६४इफाय एक्स्टेन्शन टाकून यूट्यूबला एच.२६४ पाठवायला लावलं, तेव्हा मशीन शांत झालं. गरिबाच्या मशीनला पेटंटवालंच कोडेक लागतं. आणि फेडोराने २०२२ मध्ये मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरमधून एच.२६४ चं हार्डवेअर डिकोडिंगच, म्हणजे चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणंच, काढलं. एएमडीवाल्यांच्या चिपमध्ये सोय असून ती बंद!

गिरगावकर: जुन्या चिपचा मुद्दा मान्य, व्हीपी९ ची पूर्ण सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून आली. मेसासाठी आरपीएम फ्यूजनवर ती सोय परत देणारे 'फ्रीवर्ल्ड' ड्रायव्हर आहेत.

लालबागवाला: पुन्हा आरपीएम फ्यूजन! नवख्याला हे सांगणार कोण?

गिरगावकर: मग नवख्याला फेडोरा देऊच नका, लिनक्सची मिंट ही आवृत्ती द्या. बसवतानाच मल्टिमीडिया कोडेकचा चौकोन येतो. नेट जोडून त्यावर खूण करा, काम झालं.

भांडुपकर: हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं असतं तर मी इतका भांडलो नसतो. रविवारी वडिलांना मिंट टाकून देतो. माझं वाक्य मात्र मागे घेणार नाही. फार तर 'कोडेक न घालता देऊ नका' एवढं करतो.

माहीमकर: आणि माझ्या ७२० चं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.