जुन्या लाइटनिंगचं ढिलं स्टिअरिंग: आधी बॉक्स की आधी सांधे?

चाकधर:
'लाल२००३' यांनी मागच्या आठवड्यात इथे विचारलं होतं की, त्यांच्या २००३ च्या फोर्ड एफ-१५० लाइटनिंग या पिकअपचं स्टिअरिंग सरळ रस्त्यावर बोटभर फिरवलं तरी गाडी दखलच घेत नाही. लांब वळणावरही सारखं थोडं इकडे, थोडं तिकडे करत राहावं लागतं. त्यावर जवळजवळ सगळ्यांनी एकच सल्ला दिला: नवा क्विक-रेशो स्टिअरिंग बॉक्स (कमी फिरवूनही चाकं जास्त वळवणारी स्टिअरिंगची गिअरपेटी) टाका. मला हा सल्ला पटत नाही. त्यात पैसे जातील आणि तक्रार तशीच राहील, म्हणून वेगळा धागा काढतोय.

गाडी माहीत नसलेल्यांसाठी: ही १९९९ ते २००४ मधली दुसऱ्या पिढीची लाइटनिंग. ५.४ लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही-८, सुरुवातीला ३६० आणि २००१ पासून ३८० अश्वशक्ती, ताकद फक्त मागच्या चाकांना, २९५/४५ आर १८ टायर. इंजिन आणि टायर शर्यतीच्या तोडीचे, पण स्टिअरिंगची रचना त्या काळच्या साध्या एफ-१५० चीच. रीसर्क्युलेटिंग बॉल बॉक्स (आत गोळ्यांवर फिरणारी दातांची गिअरपेटी), त्यातून निघून हलणारा पिटमन आर्म, पलीकडे आधार देणारा आयडलर आर्म, दोघांना जोडणारी सेंटर लिंक आणि तिथून दोन्ही चाकांकडे जाणारे टाय रॉड. हाताची हालचाल चाकापर्यंत पोचेस्तोवर वाटेत नुसते सांधे, आणि ते सांधे आता वीस वर्षं जुने.

साधा हिशेब करा. स्टिअरिंग रेशो समजा १७:१ (स्टिअरिंग १७ अंश फिरवलं की चाक १ अंश वळतं) आणि चाकाकडचा स्टिअरिंग आर्म १५० मिमी. टाय रॉडच्या टोकाला फक्त १ मिमी ढिलाई असली तर चाक ०.३८ अंश मोकळं राहतं. तेच तुमच्या हातात येतं साडेसहा अंश होऊन. ३८ सेंमी व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर हे अंतर दोन सेंटिमीटरच्या वर जातं. एका सांध्यातल्या एका मिलिमीटरची ही करामत आहे! क्विक-रेशो बॉक्सने ही ढिलाई जात नाही. ती कमी अंशांत संपते इतकंच, आणि संपली की गाडी आधीपेक्षा जास्त झटक्याने वळते. ताशी ७० मैलांना हे मला धोक्याचं वाटतं.

म्हणून आधी खाली शिरून तपासा. चाकं जमिनीवरच हवीत, जॅकवर नकोत. गिअर पार्कमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग दोन्हीकडे अगदी थोडं, पटापट हलवायचं. दुसऱ्याने खालून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. डोळ्याला न दिसणारी ढिलाई हाताला टकटक लागते. आयडलर आर्म तर नीट बघाच, तो झिजला की आडवा हलण्याऐवजी वर-खाली होतो. बॉक्समध्ये जाणारा दांडा फिरतोय आणि पिटमन आर्म उशिरा हलतोय, असं दिसलं तर दोष बॉक्सचा. पिटमन लगेच हलतोय आणि सेंटर लिंक मागे राहतेय, तर दोष सांध्यांचा.

त्यानंतर टायर. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन: कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागचा झुकाव) मर्यादेत राहून जास्तीत जास्त आणि टो (पुढच्या चाकांची तोंडं) अगदी किंचित आत. बॉक्स सगळ्यात शेवटी.

नोव्हायकर:
चाकधर, तुमची तपासणीची पद्धत बरोबर आहे, क्रम नाही. मी मिशिगनमध्ये चॅसी (गाडीचा सांगाडा, स्टिअरिंग, सस्पेन्शन) विभागात काम करतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

हा बॉक्स मुद्दामच मध्यभागी घट्ट आणि दोन्ही कडांना किंचित सैल बनवलेला असतो. गाडी आयुष्यातला बहुतेक काळ सरळ चालते, म्हणजे दातांची झीज नेमकी मध्यभागी होते. 'लाल२००३' यांची तक्रार तंतोतंत तीच आहे: सरळ रस्त्यावर दखल नाही. गॅरेजवाला मग बॉक्सवरचा, दातांमधली ढिलाई कमी करणारा स्क्रू आवळून देतो. मध्य घट्ट होतो, पण कडेला दात अडकायला लागतात आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक परत येत नाही. असा बॉक्स स्क्रूने सुधारत नाही, नीट पुन्हा बांधलेलाच घ्यावा लागतो.

शिवाय बॉक्समधल्या व्हॉल्व्हच्या टॉर्शन बारला (पीळ घेणाऱ्या बारीक दांड्याला) पीळ बसल्याशिवाय हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाची, मदत मिळत नाही. तो बार नरम असला तर सगळे सांधे नवे घालूनही हाताला रस्ता कळत नाही. खुद्द फोर्डने २००४ च्या नव्या एफ-१५० मध्ये हा बॉक्स काढून रॅक अँड पिनियन (दातेरी दांडा थेट सरकवणारं स्टिअरिंग) बसवलं. बॉक्समध्ये काही उणं नसतं तर ही उठाठेव कशाला केली असती?

चाकधर:
२००४ चा दाखला दिलात हे बरं केलंत, कारण तो अर्धाच दिलात. त्या वर्षी नुसतं रॅक आलं नाही. चॅसीची चौकट पूर्ण बंद पेटीसारखी आणि खूप ताठ झाली, मागचे शॉक अॅब्सॉर्बर चौकटीच्या बाहेरच्या अंगाला गेले. स्टिअरिंग ज्या लोखंडाला बोल्टने जोडलेलं असतं तेच पिळवटत असेल, तर वर बॉक्स असो वा रॅक, हाताला फरक कमीच कळतो. त्या सुधारणेचं श्रेय एकट्या रॅकला कसं द्यायचं?

मध्यभागी झीज होते हे मान्य. पण सरळ चालताना आयडलर आणि टाय रॉडही त्याच मध्याच्या आसपास घासत असतात. मिशिगनच्या रस्त्यावर हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ तर आधी सांध्यांचे रबरी बूट खातं. बॉक्स बिचारा तेलात बसलेला असतो.

ह्यूस्टनची_माई:
तुम्ही दोघंही एकच गृहीत धरून बोलताय की स्टिअरिंग चपळ झालंच पाहिजे. का म्हणून?

आमच्या घरी लाइटनिंग आहे आणि ती कामाला जुंपलेली आहे. या गाडीला ५,००० पौंडांपर्यंत ट्रेलर ओढायची परवानगी आहे. मागे ट्रेलर लागला की हुकवर वजन येतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगचा जरासा हिसका ट्रेलरला झोका द्यायला पुरतो. अशा वेळी संथ स्टिअरिंगच चालवणाऱ्याला वाचवतं. पिकअपला संथ रेशो देण्यामागे विचार असतो, तो कंजूषपणा नव्हे. ढिलाई काढा, जरूर काढा, ती कुणालाच नको. पण ढिलाई काढणं आणि गाडी चपळ करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि या धाग्यावर त्यांची सरमिसळ होतेय.

क्विक-रेशो बॉक्स घातलेली गाडी नंतर कुणाला विकलीत, आणि त्याने बोट ओढायला घेतली, तर? त्याचाही विचार करा.

चाकधर:
माई, अगदी खरं. मलाही मुळात ढिलाईबद्दलच बोलायचं होतं. ट्रेलर ओढणाऱ्याने रेशोला हात लावूच नये.

पाटेवाला:
सगळे पुढेच बघताय. गाडीचं मागचं टोक कोण बघणार?

स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी वळते ती पुढच्या आणि मागच्या दोन्ही टायरांनी बाजूचा जोर धरल्यावर. लाइटनिंगला मागे सलग अॅक्सल आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. पाट्यांच्या कानातले (टोकाच्या भोकातले) रबरी बुश सैल झाले की वळणाच्या सुरुवातीला अॅक्सल चॅसीखाली आडवा सरकतो. पुढची चाकं वळलेली असतात, पण मागचं टोक अजून ठरवत असतं. चालवणाऱ्याला वाटतं स्टिअरिंग सुस्त आहे. लांब वळणावर 'थोडं इकडे, थोडं तिकडे' करावं लागतं ते मला तरी याचंच लक्षण दिसतं. यात बॉक्सचाही संबंध नाही आणि टाय रॉडचाही नाही.

त्यात लोक गाडी अजून खाली बसवतात. पुढून खाली आणली की टाय रॉडचा आणि खालच्या सस्पेन्शन आर्मचा कोन जुळत नाही. मग खड्ड्यावरून जाताना चाक स्वतःच्या मनाने वळतं. आणि रुंद दिसावीत म्हणून बाहेर काढलेली चाकं घातली की स्क्रब रेडियस (चाक वळण्याचा अक्ष आणि टायरचा मध्य यांतलं जमिनीवरचं अंतर) वाढतो, रस्त्यातली प्रत्येक चाकोरी स्टिअरिंग ओढून घेते. दिसायला झकास, चालवायला शिक्षा.

नोव्हायकर:
पाटेवाला, मागच्या बुशचा मुद्दा पूर्ण मान्य. आम्ही सगळे तो विसरलो होतो. फक्त ते पॉलियुरेथेनचे (कडक प्लॅस्टिकसारखे) बुश सुचवू नका.

पाटेवाला:
सुचवणारच! पुढच्या सस्पेन्शन आर्मला पॉली बसवलं की ब्रेक मारताना आणि वळताना चाक जागचं हलत नाही. याहून स्वस्तात एवढा फरक कशाने पडतो सांगा.

नोव्हायकर:
पडतो, पण पहिलं वर्षभर. रबरी बुश चिकटवलेला असतो, आर्म फिरताना रबर स्वतः पिळलं जातं, घासत नाही. पॉली बुश आतल्या धातूच्या बाहीवर घासत फिरतो, त्याला ग्रीस लागतं. हिवाळ्यात मीठ आणि चिखल आत गेला की तो करकरतो, मग जाम होतो. जाम झालेला बुश म्हणजे सस्पेन्शनमधलं घर्षण, आणि घर्षण वाढलं की स्टिअरिंगची बारीक जाण जाते. टेक्सासमध्ये घाला, डेट्रॉइटच्या उत्तरेला नको.

सह्याद्रीचा_डीमॅक्स:
पुण्याहून वाचतोय. इथे लाइटनिंग नाही, माझ्याकडे इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे. चर्चा ओळखीची वाटली, कारण इथेही जो तो रुंद टायर आणि लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग) लावतो आणि मग 'स्टिअरिंग जड झालं, तरंगतं' म्हणून रडतो.

मला माईंचं पटतं. कंपनीच्या मूळ रचनेला हात लावूच नये. भारतात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येणार नाही असंच म्हटलंय. झिजलेला भाग बदलून तसाच नवा घालायला कुणाची हरकत नाही. चाकधरांचा क्रम त्यामुळे आमच्याकडे जसाच्या तसा चालतो, नोव्हायकरांचा क्विक-रेशो बॉक्स चालणार नाही.

नोव्हायकर:
मी क्विक-रेशो म्हटलंच नाही. मूळ रेशोचा, नीट पुन्हा बांधलेला बॉक्स म्हटलं. माझं नाव दुसऱ्याच्या सल्ल्याला लावू नका.

लाल२००३:
सगळ्यांचे आभार. शनिवारी मेहुण्याला स्टिअरिंगवर बसवून खाली शिरलो. चाकधरांनी लिहिलं तसंच केलं.

आयडलर आर्म उघड्या डोळ्यांना वर-खाली होताना दिसतोय, हात लावायचीही गरज पडली नाही. उजवीकडच्या बाहेरच्या टाय रॉडला टकटक आहे, डावा ठीक. दांडा फिरल्यावर पिटमन आर्म किंचित उशिरा हलतो, पण फार नाही. मागच्या पाट्यांच्या पुढच्या कानातलं रबर एका बाजूला चिरलंय. टायरवरच्या 'डॉट' (DOT) या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे ३२१३ आहेत. खाच भरपूर शिल्लक आहे, गाडी उन्हाळ्यातच बाहेर निघते.

चाकधर:
३२१३ म्हणजे २०१३ सालचा बत्तिसावा आठवडा. खाच कितीही असू दे, ते रबर आता कडक झालेलं आहे. टायर बाजूचा जोर लगेच देत नाही, वळवल्यावर थोडं अंतर फिरल्यावर देतो, आणि २९५/४५ च्या टायरची भिंत १३३ मिमी उंच आहे, ती आधी वाकते, मग जोर येतो. त्यात जुनं रबर घसरतं. सुट्या भागांना हात लावायच्या आधी चार टायर घ्या. ३८० अश्वशक्तीची गाडी या टायरांवर पावसात तर काढूच नका.

मग आयडलर, दोन्ही बाजूंचे बाहेरचे टाय रॉड, पाट्यांचे बुश. डावा ठीक असला तरी बदला, अलाइनमेंटचे पैसे एकदाच जातील. टाय रॉडच्या अॅडजस्टर बाहीला दोन दिवस आधीपासून गंजनाशक तेल सोडत राहा, नाहीतर अलाइनमेंटवाला ती फिरत नाही म्हणून हात वर करेल.

ह्यूस्टनची_माई:
टायर घेताना लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. या गाडीची भार वाहायची मर्यादा सुरुवातीला ८०० पौंड होती, ती पुढे १,३५० झाली, तुमच्या गाडीला कुठली लागू आहे ते दरवाजाच्या पट्टीवर बघा. हवाही त्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच. स्टिअरिंग झटपट लागावं म्हणून काहीजण पुढे दहा-दहा पौंड (पीएसआय) जास्त हवा भरतात, तसं नको.

नोव्हायकर:
यादी बरोबर आहे, माझी हरकत नाही. पण पिटमन 'किंचित उशिरा' हलतोय हे विसरू नका. हे सगळं झाल्यावर सरळ रस्त्यावरचा मेलेला भाग निम्म्याने कमी होईल, पूर्ण जाणार नाही असं माझं मत आहे. तेव्हा कुणी वरचा स्क्रू आवळून देतो म्हणालं तर आवळू देऊ नका, इथे लिहा.

चाकधर:
निम्म्यापेक्षा पुष्कळ जास्त जाईल. टायर आणि आयडलर वेगवेगळ्या दिवशी बदला, मध्ये एकदा त्याच रस्त्यावर चालवून बघा, म्हणजे कशाने किती फरक पडला ते तुम्हालाच हातात कळेल. स्क्रूबद्दल नोव्हायकरांचं ऐका.