बबूनची चित्रं: इजिप्तमधली इतकी खरी, मग युरोपातली अशी का?

(ही एक चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रेघारेघा

गेले दोन महिने मी बबूनच काढतेय, म्हणजे कुत्र्यासारख्या तोंडाची मोठी माकडं, पेन्सिलने आणि कधी शाईने. प्राण्यांची शास्त्रीय चित्रं काढायला शिकतेय. जुन्या कलाकारांनी केलेला एकेक बबून नक्कल करून पाहायचा, असं ठरवलं.

सुरुवात बर्लिनच्या संग्रहालयातल्या मूर्तीपासून केली. तिच्यावर इजिप्तच्या नार्मेर राजाचं नाव कोरलेलं आहे, म्हणजे ती इ.स.पू. ३००० च्या आसपासची. उंची जेमतेम अर्धा मीटर. बसलेला नर, गुडघ्यांवर हात, घोंगडी पांघरल्यासारखे खांद्यावरून उतरलेले केस, पुढे आलेलं कुत्र्यासारखं तोंड. शेजारी हामाड्रायस जातीच्या बबूनचा फोटो ठेवून काढत होते. दगडात केस एकेक कोरलेले नाहीत, नुसता आकार आहे, तरी बसण्यातला जडपणा तंतोतंत उतरलाय.

मग थेट १४८६ सालावर आले. ब्रायडेनबाखच्या यरुशलेम यात्रेच्या पुस्तकात एरहार्ड रॉइविखने केलेलं प्राण्यांचं लाकूडठशाचं पान आहे. जिराफ, मगर, उंट, आणि चक्क एकशिंगी घोडा. पानावर लिहिलंय की पवित्र भूमीत आम्ही पाहिले तसेच हे प्राणी काढले आहेत. त्यात एक केसाळ, लांब शेपटीचा प्राणी दोन पायांवर उभा राहून उंटाची दोरी धरतो. त्याचं नाव ठाऊक नाही, असा लॅटिन मजकूर त्याच्याजवळ आहे. हा हामाड्रायस असावा असं मानतात. पण त्याचं उभं राहणं, हात, पाय सगळं माणसाचं!

मधे साडेचार हजार वर्षं गेली. रॉइविखचा हात कच्चा होता हे मला पटत नाही, त्याचा उंट उत्तम आहे. मग बबूनपाशीच काय झालं?

जुनी पानं

उंट त्याने रोज पाहिला, त्यावर बसलाही असेल. बबून नीट बघायला मिळाला नसणार. एकशिंगी घोडा त्याच पानावर त्याच खात्रीने काढलाय, यावरूनच कळतं की ‘पाहिले तसेच’मध्ये ऐकीव किती मिसळलंय.

त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. गेस्नरच्या प्राण्यांवरच्या महाग्रंथात (पहिला खंड १५५१) हेच चित्र उतरवून घेतलं गेलं. गेस्नर मोठा विद्वान, म्हणून ते खरं ठरलं, आणि पुढच्यांनी त्याच्यावरून काढलं. नकलेवरून नक्कल करताना आधीच्याची चूक कुणी दुरुस्त करत नाही, उलट ती ठळक होते. १७६० साली, सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनिअसच्या होपियस या विद्यार्थ्याच्या प्रबंधात ‘ल्युसिफर’ नावाचा शेपटीवाला माणसासारखा प्राणी आला, तो निसर्ग-अभ्यासक अल्द्रोवांदीच्या ग्रंथातल्या चित्रावरून घेतलेला. म्हणजे शेपटीच्या माणसाला तेव्हाही शास्त्रात जागा होती. जीवशास्त्रज्ञ हक्स्लीने १८६३ मध्ये ही चित्रं कुठून कुठे गेली त्याचा माग काढला. तो भाग तुम्ही जरूर वाचा, चित्रकाराने तर वाचायलाच हवा.

इजिप्तच्या कारागिराचं वेगळं होतं. त्याच्यासमोर जिवंत जनावर बसलेलं असायचं. सक्कारा या इजिप्तमधल्या दफनस्थळी तेपेमांखच्या थडग्यातून आलेलं पाचव्या राजवंशातलं बाजाराचं एक दृश्य आहे. त्यात दोरीला बांधलेला बबून चोराची पोटरी पकडतो. ज्याने ते कोरलं, त्याने बबूनची पकड पाहिलेली होती, यात मला शंका नाही.

गंमत म्हणजे हामाड्रायस इजिप्तचा प्राणीच नव्हता. तो बाहेरून आणावा लागे. राणी हातशेप्सूतच्या देर अल-बहरीच्या मंदिरात पुंतहून, म्हणजे इजिप्तचा व्यापार चाले त्या एका दूरच्या देशातून, परतणाऱ्या जहाजांवर बबून बसलेले कोरले आहेत.

हाडं आणि दात

पुंत नेमकं कुठे, हा वाद याच बबूननी पुष्कळ पुढे नेला. दाताचं एनॅमल लहानपणी तयार होतं आणि नंतर बदलत नाही. जिथे पिल्लू वाढलं तिथल्या जमिनीतलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य त्यात कायमचं राहतं. ममी केलेल्या बबूनच्या दातांवरचा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यातून जन्मभूमी म्हणून इरिट्रिया, इथिओपिया, सोमालियाचा पट्टा पुढे आला. पुढे २०२३ मध्ये डीएनएवरून इरिट्रियाच्या किनाऱ्याकडे बोट गेलं, जिथे पुढच्या काळात अदुलिस बंदर होतं.

पण ज्यांनी ती हाडं पाहिली त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती वाचल्यापासून मला या मूर्तींकडे आधीसारखं बघता येत नाही. इजिप्तमधल्या थीब्सजवळच्या गब्बानत अल-कुरुदमध्ये सापडलेले किमान ३६ बबून आज फ्रान्समध्ये लियाँला आहेत. त्यांतल्या बहुतेकांची हाडं वाकलेली होती. मुडदूस. ऊन मिळालं नाही, आहारही बरा नव्हता. सक्काऱ्याच्या बबूनच्या भुयारांतही हेच दिसलं.

हामाड्रायस कड्यावर झोपतो, आणि थंड रात्रीनंतर सकाळी उन्हात बसून अंग शेकतो. इजिप्तच्या लोकांना तो उगवत्या सूर्याला नमस्कार करताना दिसला, म्हणून तो पवित्र ठरला. आणि त्याच प्राण्याला त्यांनी अंधाऱ्या जागी वाढवलं. रेघारेघा, तुम्ही नार्मेरच्या मूर्तीचे पाय काढाल तेव्हा हे मनात असू द्या.

काळवीट

इजिप्तची बाजू थोडी जास्तच उजळ दाखवली जातेय असं वाटतं, म्हणून लिहितो. तिथला बबून खरा आहे, पण निवडलेला आहे. मूर्ती म्हटली की वयात आलेला नर, कारण केसांची ती पांघरूणवजा झूल फक्त त्यालाच असते. मादी तपकिरी, बिनझुलीची, आकाराने जवळजवळ निम्मी. तिच्या मूर्ती किती पाहिल्यात? अबू सिम्बेलच्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर अगदी वर बबूनची रांग आहे, दोन्ही हात उंचावून पूर्वेकडे तोंड केलेली. बबून असे हात उंचावून कधी उभा राहत नाही. कळपातला प्राणी पाहिलाय, आणि मूर्तीत सूर्याचा उपासक बसवलाय. तूतनखामेनच्या थडग्यातले बारा बबूनही रात्रीचे बारा तास मोजायला बसलेत.

इजिप्तमधल्या लक्सॉरच्या दगडी स्तंभाच्या चौथऱ्यावर हात वर केलेले बबून होते, लिंगासकट. स्तंभ पॅरिसला १८३६ मध्ये उभा केला, पण बबूनचा तो भाग लूव्र संग्रहालयात ठेवला. लोकांच्या डोळ्यांसमोर अशोभनीय दिसेल म्हणून! कारागिराने प्राण्याच्या शरीरातलं काही लपवलं नव्हतं, हे मात्र त्याच्या बाजूने मांडायला हवं.

रेघारेघा

मुडदुसाचं माहीतच नव्हतं. कालपासून ते डोक्यातून जात नाही.

काळवीट, तुमचं पटलं. मी आठ मूर्ती नकलल्या, आठही नर. मादी माझ्याही वहीत नाही.

एक तांत्रिक शंका. ग्रीसच्या थेरा बेटावरच्या अक्रोतिरीच्या प्राचीन भित्तिचित्रांतली निळी माकडं आता घेतलीत. ती बबून नाहीत एवढं शेपटीवरून कळतं. पण आहेत काय?

जुनी पानं

त्यावर अजून वाद आहे. करड्यासाठी निळा रंग वापरायची तिथली रीत होती, एवढं बहुतेकांना मान्य. पूर्वीपासून आफ्रिकेतलं व्हर्वेट माकड म्हणत आले. अलीकडे काही अभ्यासकांनी शेपटीच्या वळणावरून ही आपल्याकडची काळतोंडी वानरं असावीत असं मांडलं, म्हणजे सिंधूकडून आलेली. लगेच उलट उत्तरंही आली. तुम्ही दोन्हींच्या शेपट्या काढून बघा: वानराची शेपटी चालताना वर उचलून पाठीवरून पुढे येते. क्रीट बेटावरच्या क्नोसॉसच्या भित्तिचित्रातला केशर वेचणारा ‘निळा मुलगा’ आठवतो का? तुकड्यांवरून तिथे उत्खनन करणाऱ्या इव्हान्सने मुलगा उभा केला, नंतर शेपटीचा तुकडा ओळखू आला आणि ते माकड निघालं.

रेघारेघा

मग आज शेपट्याच काढते. आणि त्यानंतर झूल नसलेली मादी, फोटोवरून, बसलेली, तोंडावर ऊन घेऊन.