मदत हवी आहे: वृद्धनिवासातल्या कर्मचाऱ्यांना व्हिडिओवरून शिकवताना अडलंय

नमस्कार मंडळी. आमच्या वृद्धनिवासात कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे आहे. तीन पाळ्यांमुळे सगळे एका वेळी कधीच भेटत नाहीत, म्हणून छोटे व्हिडिओ करून ग्रुपवर टाकायला लागले. हात धुण्याचा व्हिडिओ छान लागू पडला. साबणाने ४० ते ६० सेकंद, अंगठे आणि बोटांच्या बेचक्यांसकट. आता लोक नळापाशी सेकंद मोजताना दिसतात.

अडलंय ते अंथरुणाला खिळलेल्यांना हलवण्यापाशी. परवा रात्रपाळीच्या एका ताईंना मोबाइलवरच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळाले. तासाभराने त्यांनी एका आजींना उशीकडे सरकवलं ते काखेत हात घालून, ओढून. सरकवायची चादर, म्हणजे जिला धरून माणसाला न ओढता सरकवतात ती, आजींच्या खालीच अंथरलेली होती! असं ओढल्याने खांदा दुखावतो, माकडहाडापाशी कातडी घासते आणि तिथेच जखम धरते. दोष ताईंचा नाही. हाताला सवय लागेल असं मी शिकवलंच नाही.

तुमच्यापैकी कुणी व्हिडिओ आणि पलंगापाशी प्रत्यक्ष सराव यांची सांगड घातली आहे का? पलंगाजवळ क्यूआर कोड लावून ऐन कामाच्या वेळी व्हिडिओ दाखवण्याचा उपयोग होतो का? ज्यांना वाचायला जड जातं त्यांची चाचणी कशी घेता? स्मृतिभ्रंश समजावण्यासाठी व्हीआर चष्मा (डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा) वापरला असेल तर तोही अनुभव हवा आहे. पण आधी या सरकवण्याचं सांगा, ते रोज रात्री घडतंय.