पायरेट्स : सिनेमाआधी पार्कातलं रेकॉर्डिंग बघाच

कुणीतरी लिहिलंय की 'पायरेट्स ऑफ पेन्झान्स' हा गिल्बर्ट-सलिव्हन जोडीचा विनोदी ऑपेरा बघायचा तर १९८३चा सिनेमाच बघा, स्टेजचं रेकॉर्डिंग धुरकट आहे. धुरकट आहे हे मान्य, पण माझं मत अगदी उलटं आहे. १९८०च्या उन्हाळ्यात जोसेफ पॅप या निर्मात्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उघड्यावर केलेला प्रयोग आहे तो, समोर खरे प्रेक्षक आहेत, त्यामुळे हशा पिकला की नट थांबतात, तो ओसरू देतात आणि मग बरोब्बर टायमिंगला पुढची ओळ टाकतात, सिनेमात हे कुठून येणार? केविन क्लाइनचा पायरेट किंग नुसता बघत राहावा असा. जॉर्ज रोझ मेजर जनरलचं गाणं इतक्या स्पीडने म्हणतो तरी एकेक शब्द सुटा ऐकू येतो, काय जीभ आहे राव! आणि चाच्यांच्या मोलकरणीच्या, म्हणजे रूथच्या भूमिकेत पॅट्रिशिया रूटलेज फक्त इथेच मिळेल, सिनेमात अँजेला लॅन्सबरी आहे. गायिका लिंडा रॉनस्टॅटला याच जोडीच्या 'पिनाफोर' या दुसऱ्या ऑपेरातलं एक गाणं उचलून दिलंय, गिल्बर्ट-सलिव्हनच्या कट्टर चाहत्यांना खटकेल, मला जाम आवडलं. मूळ संहिता नेटवर फुकट आहे, ती शेजारी उघडून बसा, गाण्यातले शब्द निसटणार नाहीत.