कसाव्यातली जीआरएफ जनुकं: यादी झाली, पुढे काय?

बीजांकुर: एमएस्सीच्या प्रकल्पात कसावा मिळालाय, आपल्या साबुदाण्याचा कंद. जिनोममधून जीआरएफ म्हणजे वाढ नियंत्रित करणारी जनुकं शोधली, वंशवृक्ष काढला. आता सर विचारतात, यातलं कंद जाड करणारं कोणतं? वंशवृक्षावरून कळेल का?

मुळाक्षर: नाही कळणार. पाहुण्यांची यादी वाचून लग्नात स्वयंपाक कोणी केला ते कळतं का?

आधी यादी चाळ. प्रत्येक प्रथिनात क्यूएलक्यू आणि डब्ल्यूआरसी दोन्ही भाग हवेत, हीच जीआरएफची ओळख. अरॅबिडोप्सिसमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपात, ही जनुकं 9, भातात 12. कसाव्यात जास्त निघाली तर नवल नाही, पण पन्नासच्या घरात गेली असतील तर तुझी चाळण ढिली आहे.

मग एमआयआर396 ची जागा बघ. हा चिमुकला आरएनए बहुतेक जीआरएफचे संदेश (जनुकाची आरएनए प्रत) कापतो, तेही डब्ल्यूआरसीच्या पट्ट्यात. भातातल्या जीआरएफ4 मध्ये नेमक्या याच जागी दोन अक्षरं बदललेली सापडली. कापाकापी थांबली, दाणा मोठा झाला. 2015 मध्ये हे छापून आलं. कसाव्यात ही जागा कोणाकडे आहे नि कोणाकडे नाही, हा तक्ता सरांना आधी दाखव.

मग कोणतं जनुक कुठे चालू आहे ते आरएनएवरून बघ, आणि पानांचा आरएनए घेऊन मुळाबद्दल बोलू नकोस. एकाच झाडाची बारीक तंतुमुळं आणि नुकती फुगू लागलेली मुळं, दोन्ही घे. साल गाभ्यापासून जिथे सुटते तिथे बुळबुळीत थर लागतो, कॅम्बियम, म्हणजे मूळ जाड करणाऱ्या पेशींचा थर, तिथेच. तो खरवड. नुसता पांढरा गाभा घेतलास तर स्टार्चचा चिकट गोळा हाती येईल नि आरएनए नावाला.

सेलमवाला: मी तामिळनाडूत सेलमला साबुदाण्याच्या धंद्यात आहे. कंद जाड करा हो, पण कारखान्यात भाव स्टार्चच्या टक्क्यावर मिळतो. पाणचट जाडी काय कामाची?

मुळाक्षर: शंभर टक्के बरोबर. बीजांकुर, सुकं वजन मोजायचं लिहून ठेव.

बीजांकुर: ठेवलं, सर. पण जनुक बदलून बघायचं म्हणजे टिश्यू कल्चर, आणि आमच्या लॅबमध्ये कसाव्याच्या कॅलसला, म्हणजे पेशींच्या गोळ्याला, कोंबच फुटत नाहीत.

मुळाक्षर: तिथेही जीआरएफच आहे बघ. गव्हात जीआरएफ4 आणि त्याचा जोडीदार जीआयएफ1 एकत्र जोडले, तर कोंब फुटण्याचं प्रमाण खूप वाढलं, 2020 चा पेपर आहे. पण एमएस्सीच्या मुदतीत तू त्या वाटेला जाऊ नकोस. आधी क्यूपीसीआर उरक, म्हणजे त्या मुळांच्या आरएनएवरून कोणतं जनुक किती चालू आहे ते मोज.